डब्लिन फ्युजिलियर्सच्या वस्तू जमवायच्या तर सुरुवात कुठून करावी?

प्रश्न थोडक्यात असा : पुण्याच्या जुन्या बाजारात एका वाचकाला पितळी बिल्ला मिळाला. आकार पेटत्या हातगोळ्याचा, गोळ्यावर वाघ आणि त्याखाली हत्ती, तळाच्या पट्टीवर ‘रॉयल डब्लिन फ्युजिलियर्स’ अशी इंग्रजी अक्षरे. दुकानदाराने सोबत गोऱ्या शिपायांचा एक ग्रुप फोटोही दिला. आयर्लंडच्या पलटणीवर वाघ-हत्ती कुठून आले, बिल्ला खरा की नकली, आणि या पलटणीच्या वस्तूंचा संग्रह करायचा तर कसा, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

आधी वाघ-हत्तीचे सांगतो, कारण ते कळल्याशिवाय या पलटणीची कुठलीच वस्तू नीट वाचता येत नाही. ‘रॉयल डब्लिन फ्युजिलियर्स’ हे नाव १ जुलै १८८१ ला आले. त्या दिवशी दोन जुन्या पलटणी एकत्र करून त्या डब्लिन आणि आसपासच्या काउंट्यांशी जोडल्या गेल्या. डेपो किल्डेअरमधल्या नेस या गावी होता. दोन्ही पलटणी मूळच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या. १०२ वी रॉयल मद्रास फ्युजिलियर्स ही पहिली बटालियन झाली आणि १०३ वी रॉयल बॉम्बे फ्युजिलियर्स ही दुसरी. वाघ आणि हत्ती ही या दोघींच्या हिंदुस्थानातल्या चाकरीची खूण.

दुसऱ्या बटालियनची मुळे तर थेट आपल्या किनाऱ्यावर आहेत. १६६१ च्या विवाहकरारात मुंबई इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाला आंदण मिळाली. ती ताब्यात घ्यायला अब्राहम शिपमन १६६२ मध्ये सैनिक घेऊन आला, पण पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी बेट द्यायला नकार दिला. ती माणसे कारवारजवळच्या अंजदीव बेटावर खितपत पडली. बरीचशी तिथेच आजाराने गेली, शिपमनही गेला. उरलेल्यांना घेऊन हम्फ्री कुकने १६६५ मध्ये मुंबई ताब्यात घेतली. १६६८ मध्ये बेट कंपनीकडे आले, तेव्हा हे सैनिकही कंपनीच्या चाकरीत शिरले. तीच पुढची बॉम्बे युरोपियन रेजिमेंट. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीच्या लढाईत पेशव्यांच्या फौजेसमोर ती उभी होती. महिन्या-दीड महिन्याने महिदपूरला होळकरांच्या फौजेविरुद्ध मद्रासचे युरोपियन शिपाई लढले. त्यामुळे ‘किर्की’ (म्हणजे खडकी) आणि ‘महिदपूर’ ही दोन्ही नावे डब्लिनच्या या पलटणीच्या युद्धसन्मानांत, म्हणजे तिने मिरवायच्या लढायांच्या यादीत, आली. ३१ जुलै १९२२ ला पलटण मोडली, तोवर ती तशीच राहिली. मराठी माणसाने हा संग्रह करावा, असे मला मनापासून वाटते ते यासाठी. हा आपल्याही इतिहासाचा एक तुकडा आहे, आणि तो आपल्याच बाजारांत विखुरलेला आहे.

आता मुद्द्याचे. बिल्ल्यांमागे कमी लागा, नावांमागे जास्त लागा. बिल्ला कुणाच्या टोपीवर होता हे जवळजवळ कधीच कळत नाही. ज्या वस्तूवर माणसाचे नाव आहे, मग ते पदक असो, पत्र असो की मागे पेन्सिलीने सही केलेला फोटो, तिच्यावरून त्या माणसाच्या घरापर्यंत जाता येते. शिवाय नाव खोटे असेल तर ते कागदपत्रांतून पकडता येते. नकली बिल्ला पकडायला मात्र नुसता डोळा लागतो, आणि तो तयार व्हायला वर्षे जातात.

मोडलेल्या आयरिश पलटणींचे बिल्ले फार नकलले गेले आहेत. मागणी मोठी, माल थोडा, आणि १९२२ नंतर नवा खरा बिल्ला निघणे संपलेले. नकला दोन प्रकारच्या. पहिली ओतीव : साच्यात धातू ओतून केलेली. ती लगेच ओळखू येते. मागची बाजू सपाट किंवा खरबरीत, पृष्ठभागावर बारीक छिद्रे, कडेला साच्याची रेघ, आणि ज्वाळांच्या फटी भरून गेलेल्या. खरा बिल्ला ठशाखाली दाबून काढलेला असतो, म्हणून समोर जे उंच ते मागे खोलगट दिसते. दुसरा प्रकार अवघड. काही उत्पादकांकडे मूळ ठसे राहिले होते आणि त्यांवरून पुढे संग्राहकांसाठी बिल्ले पाडले गेले. ते स्वच्छ आणि रेखीव असतात, कधीकधी घासून गेलेल्या खऱ्या बिल्ल्यापेक्षाही देखणे. म्हणून ‘किती रेखीव आहे बघा’ असे विक्रेता म्हणाला तर तो पुरावा मानू नका.

मी काय बघतो ते सांगतो. शिपाई रोज बिल्ला घासायचा, त्यामुळे वाघाची पाठ, हत्तीचे गंडस्थळ, गोळ्याचा फुगवटा हे उंच भाग गुळगुळीत होतात आणि खाचा तशाच राहतात. कृत्रिमरीत्या जुना केलेला बिल्ला सगळीकडे सारखा काळवंडतो. मग मागे पाहतो. तिथे दोन कड्या असतात किंवा टोपीत सरकवायची उभी पट्टी असते. जुने डाखकाम धातूत मुरलेले, थोडे मळकट असते. चकचकीत, ओघळलेले डाख दिसले की मी थांबतो. उभी पट्टी ताठ कोरी आणि बिल्ल्याचा दर्शनी भाग मात्र झिजलेला, ही जोडी जुळत नाही. आणि १९१६ चे एक ध्यानात ठेवा. निकेल वाचवण्यासाठी त्या वर्षी अनेक पलटणींचे दोन धातूंचे बिल्ले निव्वळ पितळेत काढले गेले. तेव्हा संपूर्ण पितळी बिल्ला दिसला म्हणून तो बाद करू नका.

फर-टोपीवरचा हातगोळा हा वेगळा, आकाराने मोठा प्रकार. तो पुष्कळदा साध्या टोपीचा बिल्ला म्हणून विकला जातो. आणि गोळ्यावर एकटाच वाघ असेल तर ती बहुधा रॉयल मन्स्टर फ्युजिलियर्स. त्या पलटणीचा वारसा बंगालचा. १८८१ पूर्वीचे १०२ किंवा १०३ आकडा असलेले बिल्ले नवख्याने घेऊ नयेत. खरे अगदी थोडे आहेत आणि किंमत अंगाशी येण्याइतकी मोठी असते. बटणांबाबत इतकेच की १८७१ पासून साध्या शिपायांना सर्वांना सारखी, राजचिन्हाची बटणे मिळत होती, म्हणून डब्लिन फ्युजिलियर्सची खास खूण असलेले बटण दिसले तर ते बहुधा अधिकाऱ्याच्या डगल्याचे.

पदकांवर मात्र जितका वेळ द्याल तितका थोडा. पहिल्या महायुद्धात १९१५ अखेरपर्यंत रणभूमीवर उतरलेल्या शिपायाला साधारणपणे तीन पदके मिळत : १९१४ किंवा १९१४-१५ चा तारा, चांदीचे ब्रिटिश वॉर मेडल आणि ब्राँझचे व्हिक्टरी मेडल. ताऱ्यावर नाव मागच्या बाजूला असते, उरलेल्या दोन्हींवर कडेला : नंबर, हुद्दा, नाव, पलटण. अधिकाऱ्यांच्या या दोन पदकांवर पलटणीचे नाव नसते, त्यामुळे ते नाही म्हणून घाबरू नका. दोन्हींचा व्यास ३६ मिलिमीटर. जुने नाव घासून नवे कोरले असेल तर कड किंचित आत जाते, म्हणून खिशात व्हर्नियर कॅलिपर ठेवा आणि तीन-चार ठिकाणी मोजा. १९७९-८० मध्ये चांदीचा भाव भडकला तेव्हा असंख्य वॉर मेडल्स वितळवली गेली. व्हिक्टरी मेडल एकटेच सापडते, त्याचे हे एक मोठे कारण. एकट्या पदकाला कमी लेखू नका. त्याच नंबरचा आणि नावाचा तारा कधी तरी दुसऱ्या लिलावात दिसतो, आणि एकाच माणसाची विखुरलेली पदके पुन्हा एकत्र आणण्याइतके समाधान या छंदात दुसरे नाही.

नाव हाती आले की पुढची पायरी म्हणजे लंडनच्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमधली पदक-नोंदकार्डे. शिपायांच्या सेवा-नोंदींपैकी निम्म्याहून जास्त सप्टेंबर १९४० च्या बाँबहल्ल्यात जळाल्या, पण ही कार्डे वाचली आणि आता ती ऑनलाइन पाहता येतात. कार्डावर माणूस पहिल्यांदा कोणत्या रणभूमीवर, कोणत्या तारखेला उतरला ते पुष्कळदा असते. ‘२ बी’ म्हणजे तुर्कस्तानातले गॅलिपोली. त्यासोबत २५ एप्रिल १९१५ ही तारीख असेल तर तो पहिल्या बटालियनचा आणि तिथल्या ‘व्ही बीच’ या किनाऱ्यावरच्या उतरणीच्या दिवसाचा माणूस असण्याची दाट शक्यता. त्या सकाळी बटालियनचे बहुतेक शिपाई उघड्या होड्यांतून किनाऱ्याकडे आणले गेले आणि तुर्की गोळीबारात होड्यांतच पडले. बटालियनची एक कंपनी, म्हणजे तिचा एक भाग, ‘रिव्हर क्लाइड’ जहाजात होती. इतकी माणसे गेली की उरलेल्या डब्लिन आणि मन्स्टर शिपायांची काही काळ एकच तुकडी करावी लागली; तिला ‘डबस्टर्स’ म्हणत. त्या तारखेमुळे पदकाची किंमत कितीतरी पट होते. म्हणून कार्ड विक्रेत्याच्या फोनवर पाहू नका, स्वतः काढा. आणि नंबर, नाव, हुद्दा तिन्ही जुळवा, कारण एकाच पलटणीत एकच नंबर दोघांकडे असू शकत असे.

दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धाच्या क्वीन्स साउथ आफ्रिका पदकावर लढायांच्या पट्ट्या असतात आणि तिथे फसवणूक पट्ट्या वाढवून होते. एक नियम पाठच करून टाका : ‘डिफेन्स ऑफ लेडीस्मिथ’ आणि ‘रिलीफ ऑफ लेडीस्मिथ’ या दोन पट्ट्या एकाच माणसाला मिळत नसत. लेडीस्मिथ गावाच्या वेढ्यात अडकलेला आणि तो वेढा फोडायला आलेला, हे वेगळे लोक. डब्लिनची दुसरी बटालियन २० ऑक्टोबर १८९९ ला टलानाला आणि १५ डिसेंबरला कोलेन्सोला लढली. कोलेन्सोला जखमी झालेला जॉन डन हा बिगुल वाजवणारा कोवळा पोरगा पुढे घराघरांत माहीत झाला. त्याचा बिगुल नदीत हरवला होता आणि व्हिक्टोरिया राणीने त्याला नवा दिला. या युद्धात मेलेल्या डब्लिन फ्युजिलियर्सची नावे डब्लिनच्या सेंट स्टीफन्स ग्रीनच्या तोंडाशी असलेल्या १९०७ च्या कमानीवर आतल्या बाजूने कोरली आहेत. नाव तपासायला तो खात्रीचा दगड आहे.

खडकीचे पदक कुठे मिळेल, असे मला पुणेकर हमखास विचारतात. त्या लढाईसाठी ‘आर्मी ऑफ इंडिया मेडल’ दिले गेले, पण १८५१ मध्ये, म्हणजे चौतीस वर्षांनी आणि तोवर हयात असलेल्यांनाच. त्यामुळे ‘किर्की’ पट्टीची पदके मुळातच मोजकी. बाजारात कुणी ते सहज पुढे केले तर ते नकली धरूनच चाला आणि नामांकित लिलावगृहाच्या लेखी हमीशिवाय पैसे देऊ नका. ब्राँझच्या मृत्यु-तबकाचे उलटे आहे. ते साधारण बारा सेंटिमीटरचे, युद्धात मेलेल्याच्या घरी पाठवले जाई, आणि त्यावर फक्त नाव असते. हुद्दाही नाही, पलटणही नाही. जॉन मर्फी नावाचे तबक डब्लिन फ्युजिलियर्सचेच, असे कुणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. सोबत पत्र किंवा पदक असेल तरच ते या संग्रहात घ्यावे.

आता फोटो. इथे सगळ्यांत आधी एक सावधगिरी : बिल्ला आणि फोटो एकाच दुकानात मिळाले म्हणजे ते एकाच पलटणीचे, असे नाही. दुकानदार जोडी लावतो, कारण जोडीला भाव येतो. फोटो भिंगाखाली घ्या आणि टोपी, कॉलर, खांदे अशा क्रमाने पाहा. बटालियनमधल्या एखाद्या कंपनीच्या ग्रुप फोटोत पुढे पाटी ठेवण्याची पद्धत होती. तीवर कंपनीचे अक्षर, साल, कधी छावणीचे नाव असते. डाव्या बाहीवर मनगटापाशी टोक वर केलेले पट्टे दिसले तर ते चांगल्या वर्तणुकीचे, हुद्द्याचे नव्हेत. त्याच बाहीवर सरळ उभी छोटी धातूची पट्टी म्हणजे जखम, आणि ती १९१६ पासूनची. उजव्या मनगटावरचे बारीक बाण म्हणजे परदेशातल्या युद्धसेवेची वर्षे. ते दिसले की फोटो १९१८ किंवा नंतरचा. पोस्टकार्डाच्या मागे मधोमध रेघ आणि पत्त्यासाठी वेगळी जागा असेल तर ब्रिटनमध्ये ते १९०२ च्या आधीचे नाही.

रंगांबाबत पुष्कळ जण चकतात. त्या काळी फोटो ज्यांवर उतरत त्या कॅमेऱ्यातल्या काचा निळ्या रंगाला फार संवेदनशील आणि लाल रंगाला जवळजवळ आंधळ्या होत्या. म्हणून फोटोत निळा फिकट, पांढुरका येतो आणि लाल काळपट. पदकाच्या फिती ओळखताना हे सतत डोक्यात ठेवावे लागते, नाहीतर भलतेच युद्ध शिपायाच्या छातीवर चढते. मूळ छापील फोटो ओळखायचा तर तिरक्या उजेडात धरा. जुन्या चांदीच्या फोटोत काळ्या भागांत, विशेषतः कडांना, आरशासारखी निळसर चकाकी आलेली असते. आजच्या छपाईचे ठिपके भिंगाखाली लगेच दिसतात.

हिंदुस्थानात काढलेल्या फोटोंसाठी आपण इथले लोक चांगल्या जागी आहोत. पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा पहिली बटालियन मद्रासला होती. मद्रासच्या स्टुडिओचा शिक्का असलेले, सोला टोप्या घातलेल्या शिपायांचे फोटो जुन्या पुस्तकवाल्यांकडे, रद्दीत, मोडलेल्या अल्बमांत अजून निघतात. त्यांतले कितीतरी चेहरे काही महिन्यांत गॅलिपोलीला गेले. असा एक फोटो मिळाला तर मागचे अक्षर न् अक्षर उतरवून घ्या, फोटोग्राफरचा पत्ता टिपा, आणि दोन्ही बाजू मोठ्या रिझोल्यूशनवर स्कॅन करा. फ्रेम किंवा अल्बमच्या पानावर काही लिहिलेले असेल तर फोटो त्यापासून सुटा करू नका. सुटा केला की माणूस हरवतो.

आयर्लंडच्या बाजूने शोध घेताना तिथल्या कुटुंबांच्या मनाचा विचार ठेवा. एप्रिल १९१६ मध्ये डब्लिनमध्ये इंग्रजांविरुद्ध उठाव झाला, तेव्हा याच पलटणीची १० वी बटालियन शहरातल्या रॉयल बॅरक्समध्ये होती आणि तिला आपल्याच गावच्या उठाववाल्यांसमोर उभे केले गेले. त्याच आठवड्यात फ्रान्समध्ये हुलुखला ८ व्या बटालियनवर जर्मन विषारी वायू सोडला गेला. राष्ट्रवादी नेता आणि कवी टॉम केटल ९ सप्टेंबर १९१६ ला गिंचीला याच पलटणीत मेला. तिथेच मिलिटरी क्रॉस हे शौर्यपदक मिळवलेला एमेट डाल्टन पुढे आयरिश स्वातंत्र्यलढ्याचा नेता मायकेल कॉलिन्स याचा जवळचा सहकारी झाला. स्वतंत्र आयर्लंडमध्ये या शिपायांबद्दल बोलणे कित्येक दशके अवघड होते. पदके खणाच्या तळाशी गेली, फोटो भिंतीवरून उतरले. आज नातवंडे-पणतवंडे शोधत असतात. तुमच्याकडच्या वस्तूचे कुटुंब सापडले तर निदान स्कॅन तरी पाठवा, आणि त्यांना मूळ वस्तू हवी असेल तर घेतलेल्या किमतीला देण्याची तयारी ठेवा. मी तसेच करतो.

कागदपत्रांसाठी १९०१ आणि १९११ ची आयरिश जनगणना डब्लिनच्या नॅशनल आर्काइव्ह्जने विनामूल्य ऑनलाइन ठेवली आहे. शिपायाचे घर, आई-वडील, धर्म, धंदा तिथे मिळतो. मृत शिपायांची मृत्युपत्रेही तिथेच आहेत. रॉयल डब्लिन फ्युजिलियर्स असोसिएशनचा पत्रे-फोटोंचा संग्रह डब्लिनच्या पिअर्स स्ट्रीटवरच्या सिटी लायब्ररीत जपला आहे. त्यातली पत्रे वाचली की कुठल्या वस्तू खऱ्या आयुष्यातल्या होत्या याचा अंदाज येतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातल्या बॉम्बे आणि मद्रास पलटणींची हजेरीपत्रके लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिस दप्तरात आहेत.

निगेबाबत आपल्या हवेमुळे कडक राहावे लागते. बिल्ल्याला चिंच, पितांबरी, ब्रासो काही लावू नका. शंभर वर्षांची झीज हाच त्याचा पुरावा, तो दहा मिनिटांत पुसला जातो. मऊ कोरडे फडके पुरे. हिरवा थर वाढत असेल तर लाकडी काडीने हलकेच काढा. फोटो पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका आणि लॅमिनेशन तर कधीच नको; पॉलिएस्टरची पाकिटे आणि आम्लमुक्त कागद वापरा. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेल ठेवून ते दर काही आठवड्यांनी बदला. पदकाची मूळ फीत मळलेली, विरलेली असली तरी तशीच राहू द्या.

शेवटी कायद्याचे, कारण ते फार कमी लोक विचारतात. आपला १९७२ चा पुरावस्तू कायदा शंभर वर्षांहून जुन्या ऐतिहासिक महत्त्वाच्या वस्तूंना लागू होतो. ही पलटण १९२२ मध्येच मोडली, म्हणजे तिची जवळजवळ प्रत्येक अस्सल लष्करी वस्तू आता त्या वयोमर्यादेच्या पलीकडे आहे. जुन्या बाजारात घेतलेले पदक टपालाने परदेशी ग्राहकाला पाठवणे गुन्हा ठरू शकते. एखादी वस्तू कायद्यात येते की नाही अशी शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून आधी लेखी घ्या. जुन्या छावण्या, किल्ल्यांचा परिसर, कबरस्ताने इथे मेटल डिटेक्टर घेऊन खणू नका, आणि तसा काढलेला माल कुणी आणला तर विकत घेऊ नका. परदेशी लिलावात बोली लावताना बोलीवर लिलावगृहाचे कमिशन, टपाल, विमा आणि आपली कस्टम ड्यूटी धरूनच वरची मर्यादा ठरवा. वस्तू नकली निघाल्यास किती दिवसांत परत घेणार, हे ईमेलवर लिहून मागा. ते पत्र, पावती आणि लिलाव-सूचीतले पान वस्तूच्याच पाकिटात ठेवा, म्हणजे पुढच्या मालकाला ती तुमच्याकडे कुठून आली हे विचारावे लागणार नाही.